एकट्या शाळेला न मिळणारे पैसे: युरोपातल्या शाळा मिळून प्रकल्प करतात ते कसे

'इरास्मस' म्हटलं की पुण्या-मुंबईकडे पटकन आठवते ती मास्टर्सची शिष्यवृत्ती. कुणाची तरी मुलगी दोन वर्षांत तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकून पदवी घेऊन येते आणि सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागते. ती इरास्मस मुंडुस. ती मिळवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी गेली अनेक वर्षं आघाडीवर आहेत. युरोपियन युनियनच्या त्याच योजनेचं दुसरं एक दार शाळांसाठी आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आईवडिलांना ते कळतं, तेही मुलाच्या दप्तरातून एखाद दिवशी पत्र निघतं तेव्हा. आमच्या शाळेला पोर्तुगालमधल्या एका शाळेबरोबर इरास्मस प्लसचा प्रकल्प मंजूर झाला आहे, तुम्ही एका विद्यार्थ्याला आठवडाभर घरी ठेवून घ्याल का, असा त्याचा मथितार्थ.

मग सुरू होतात प्रश्न. हे पैसे कोणाचे? आपल्याला काही भरायचंय का? शाळेत चित्रकला, गणित शिकवायला शिक्षक आहेत की, त्यासाठी पोर्तुगाल कशाला? आणि येणारा मुलगा आपलं वरण-भात खाईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बहुतेक वेळा खातो, तिखट बेताचं असेल तर. बाकीच्यांसाठी थोडं आत शिरावं लागेल. या योजनेची कागदपत्रं जाडजूड आणि भाषा किचकट आहे, पण सगळी गुंतागुंत एका अटीभोवती फिरते. जे काम एका शाळेला एकटीने जमलं असतं, त्याला इथे पैसे नाहीत. ही अट एकदा लक्षात आली की अर्जातले निम्मे रकाने आपोआप समजायला लागतात.

पैसा येतो कुठून

इरास्मस 1987 मध्ये सुरू झाली ती विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. शाळांची पाळी आली 1995 मध्ये, कोमेनियस या नावाने. सतराव्या शतकातल्या एका मोरावियन शिक्षणतज्ज्ञाचं हे नाव. मुलांना वस्तू दाखवून, चित्रं दाखवून शिकवा असं तो तेव्हा सांगत होता, त्यामुळे नाव अगदी चपखल. 2014 मध्ये विद्यापीठं, शाळा, व्यवसाय शिक्षण, प्रौढ शिक्षण आणि युवक या सगळ्या वेगवेगळ्या योजना एका छताखाली आल्या आणि 'इरास्मस प्लस' हे नाव पडलं. 2021 ते 2027 या टप्प्यासाठी तिची एकूण रक्कम 26 अब्ज युरोंच्या आसपास आहे. शाळांच्या वाट्याला त्यातला एक हिस्सा येतो.

पैसा युरोपियन युनियनच्या अंदाजपत्रकातून येत असला तरी शाळेला ब्रसेल्सला अर्ज करावा लागत नाही. योजनेत पूर्णपणे सामील असलेल्या 33 देशांत (युनियनचे 27, शिवाय आइसलँड, लिक्टेनस्टाइन, नॉर्वे, नॉर्थ मॅसिडोनिया, सर्बिया आणि तुर्कस्तान) प्रत्येक ठिकाणी 'नॅशनल एजन्सी' असते. काही देशांत एकाहून जास्त. जर्मनीतल्या शाळांचं काम बॉनमधली पीएडी ही संस्था बघते, इटलीत फ्लॉरेन्सची इंदिरे, पोलंडमध्ये वॉर्साची एफआरएसई. ब्रिटन 2021 मध्ये बाहेर पडला आणि त्याने ट्युरिंग नावाची स्वतःची योजना काढली, म्हणून लंडनमधल्या चुलतभावाच्या मुलाचा अनुभव ऐकून बर्लिनमधल्या शाळेबद्दल अंदाज बांधू नये.

शाळांसाठी मुख्य वाटा दोन. पहिली प्रवासाची: मुलांनी किंवा शिक्षकांनी दुसऱ्या देशातल्या शाळेत जाऊन शिकायचं. मुलांचा गट 2 ते 30 दिवस जाऊ शकतो, आणि एकटादुकटा विद्यार्थी तर अगदी वर्षभरसुद्धा. दुसरी वाट भागीदारीची: दोन किंवा जास्त देशांतल्या शाळांनी मिळून काहीतरी घडवायचं. तेही करताना मुलं एकमेकांकडे जाऊ शकतात, पण प्रवास हा त्या कामाचा एक भाग असतो. सर्जनशील प्रकल्प, म्हणजे नाटक, भित्तिचित्रं, ॲनिमेशन, बागकाम, जुन्या कला, हे बहुतेक या दुसऱ्या वाटेवर सापडतात. आपणही तिकडेच जाऊ.

उक्तं काम

भागीदारीचेही दोन आकार आहेत. मोठ्या भागीदारीला किमान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात आणि रकमा 1,20,000 युरोंपासून सुरू होतात. एखाद्या गावातल्या शाळेने त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. 2021 पासून मात्र 'लहान भागीदारी' नावाचा प्रकार सुरू झाला, तो मुद्दाम लहान आणि नवख्या संस्थांसाठी. किमान दोन देश, दोन संस्था, मुदत 6 ते 24 महिने. रक्कम फक्त दोनच: 30,000 युरो किंवा 60,000 युरो. मधलं काही नाही. रुपयांत मोजायचं तर साधारण तीस लाख किंवा साठ लाख.

हे पैसे देण्याची पद्धत घर बांधताना आपण गवंड्याशी जसं 'उक्तं' ठरवतो तशी आहे. रोजंदारीवर लावला तर रोजचा हिशोब, सिमेंटच्या गोण्यांची मोजदाद. उक्तं ठरवलं की भिंत अमुक पैशांत उभी राहिली पाहिजे, मग तुम्ही किती माणसं लावता ते तुम्ही बघा. लहान भागीदारीत तसंच. शाळा अर्जातच कामाचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यासमोर रक्कम लिहिते. ते काम ठरल्याप्रमाणे झालं याचे पुरावे द्यायचे: हजेरीपट, कार्यक्रमपत्रिका, तयार झालेल्या वस्तू, फोटो. प्रत्येक कागदाच्या रिमचं बिल एजन्सीला पाठवायची गरज नाही. शाळेला स्वतःच्या देशाच्या नियमाप्रमाणे हिशोब ठेवावा लागतो, ते वेगळं. एखादा तुकडा झालाच नाही तर त्याच्यासमोरची रक्कम कापली जाते.

जुन्या पद्धतीत कोमेनियसच्या काळापासून शिक्षक बोर्डिंग पास जपून ठेवत आले. त्या मानाने हे फार सुटसुटीत. एक खोच मात्र आहे. मंजुरीनंतर 80 टक्के रक्कम आधी मिळते, उरलेले 20 टक्के शेवटचा अहवाल तपासून झाल्यावर. म्हणजे 30,000 च्या प्रकल्पात 24,000 हातात येतात आणि 6,000 युरो शाळांनी आपल्याच खिशातून घालून बसायचं. मोठ्या शहरातल्या शाळेला हे जमतं. ज्या शाळेची वर्षाची मोकळी रक्कमच तेवढी नसते, तिला नगरपालिकेच्या दारात उभं राहावं लागतं. लहान शाळांसाठी म्हणून काढलेल्या योजनेत ही गाठ राहिली, हे मला विचित्रच वाटतं.

पैसे सगळ्या शाळांना वेगवेगळे जात नाहीत. एक शाळा 'समन्वयक' होते, अर्ज तिच्या देशाच्या एजन्सीकडे जातो, पैसे तिच्या खात्यात येतात आणि ती भागीदारांना वाटून देते. त्यासाठी भागीदार शाळेच्या मुख्याध्यापकांची सही असलेलं अधिकारपत्र लागतं. त्यामुळे भागीदार निवडताना गोडगोड ईमेलपेक्षा वेळेवर उत्तर देणारी शाळा शोधावी, असं जाणते शिक्षक सांगतात.

कागदाच्या घड्या आणि निळ्या टाइल्स

आता एक प्रकल्प प्रत्यक्ष बघू. तो मीच बसून रचला आहे, पण त्यातल्या दोन्ही कला खऱ्या आणि गणितही खरं.

वॉर्साच्या ईशान्येला कुर्पिए नावाचा जंगलपट्टा आहे. तिथे रंगीत कागद घडी घालून कापायची जुनी कला आहे, विचिनान्की. पूर्वी बायका त्या मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरीने कापत आणि घराच्या भिंतीवर चिकटवत. त्यातला एक नमुना 'लेलुया': मधोमध झाड, दोन्ही बाजूंना पक्षी, कागद एकदाच दुमडलेला. दुसरा 'ग्व्याझ्दा' म्हणजे तारा: गोल कागदाच्या अनेक घड्या घालून कापलेला. पोर्तुगालमध्ये बघावं तिकडे अझुलेजो, म्हणजे भिंतीवरच्या चकचकीत चौकोनी टाइल्स. चर्च, रेल्वे स्टेशन, साधी घरं, सगळीकडे. लिस्बनला जुन्या मद्रे दे देउस मठात त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. पारंपरिक टाइल साधारण 14 सेंटिमीटरची, आणि बऱ्याचदा चार टाइल्स वेगवेगळ्या दिशांना फिरवून लावल्या की एक फूल पुरं होतं.

समजा कुर्पिएमधली एक शाळा आणि पोर्तुगालमधली एक, सहावी-सातवीचे वर्ग, विषय सममिती. दोन्ही शाळांत हा धडा आहेच. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, तेही दोन्हीकडे.

पोलंडमधली मुलं आधी कागद घेऊन बसतात. गोल कागद अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. कापला, उलगडला. एकसारखे आठ तुकडे दिसतात, म्हणून जवळजवळ सगळा वर्ग सांगतो की आरशाच्या रेषा, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असतात अशा रेषा, आठ. मग पट्टी ठेवून मोजायला सांगितलं की निघतात चार. प्रत्येक रेषा केंद्रातून आरपार जाते, दोन्ही टोकांना दिसते, म्हणून ती दोनदा मोजली गेली होती. तिकडे पोर्तुगालमधली मुलं एक टाइल रंगवतात आणि तिच्या चार प्रती 90 अंशांनी फिरवून जोडतात. टाइलवरचं चित्र फुलाच्या मध्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखं असेल तर फुलात आरशाची रेषा सापडते. चित्र तिरपं, एकांगी असेल तर फूल फिरवल्यावर तस्संच दिसतं, पण आरशाची रेषा एकही नाही. आपल्याकडची कागदाची भिंगरी आठवा.

मग दोन्ही शाळा एकमेकांना नमुने पाठवतात: तुमचा आमच्या पद्धतीने करून दाखवा. पोर्तुगीज मुलं कागदी तारा टाइलवर उतरवतात, त्यांना फारसं जड जात नाही. पोलिश मुलांना मात्र ते तिरपं, भिंगरीसारखं फूल घडी घालून कापायचं असतं, आणि तिथे ती अडकतात. कागद वाया जातात. कुणी म्हणतं तिरकी घडी घालू, कुणी म्हणतं तीन घड्या घालू. जमत नाही, कारण जमणारच नाही. घडी घातली की आरसा आलाच. घडीच्या कातरकामातून फक्त आरशाची सममिती निघते, नुसत्या फिरण्याची काढता येत नाही. टाइल्सवाल्यांना हा प्रश्न कधी पडला नसता, कारण त्यांना टाइल हवी तशी फिरवता येते. कागदवाल्यांनाही पडला नसता, कारण त्यांच्या परंपरेत तसं फूलच नाही.

अर्जातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर हे आहे. हा प्रश्न जवळपास शब्दशः विचारलेला असतो: हे काम तुम्ही तुमच्याच देशात, तुमच्याच पैशांत का करू शकत नाही? पडणारे अर्ज बहुधा इथेच लंगडतात. 'मुलांना दुसरी संस्कृती कळेल, इंग्रजी सुधारेल, मैत्री होईल' एवढं लिहून भागत नाही, कारण ते प्रत्येक अर्जात असतं. भागीदार शाळा काढून टाकली तर नेमकं काय कोसळतं ते दाखवावं लागतं.

पैशांची मांडणी 30,000 युरोंमध्ये अशी बसेल: ऑनलाइन सुरुवात आणि नमुन्यांची देवघेव 4,000, पोलंडमधला आठवडा 10,000, पोर्तुगालमधला आठवडा 11,000, आणि शेवटी प्रदर्शन व इतर शिक्षकांना वापरता येतील अशा पाठांची पुस्तिका 5,000. आठवड्याच्या भेटीत दहा मुलं आणि दोन शिक्षक येतात असं धरा. प्रवास, जेवण, कार्यशाळेला बोलावलेल्या कारागिराचं मानधन, साहित्य हे सगळं त्यात आलं. मुलं यजमान कुटुंबांकडे राहिली तरच हा हिशोब जुळतो. हॉटेल धरलं की कोलमडतो. घरी आलेल्या त्या पत्रामागचं अर्थशास्त्र हे असं आहे.

गुण कसे पडतात

अर्ज 100 गुणांचा. विषय योजनेच्या उद्दिष्टांशी किती जुळतो याला 30, आराखडा किती नेटका याला 30, भागीदारी किती खरी याला 20, परिणाम किती टिकेल याला 20. पास व्हायला एकूण 60 हवेत आणि शिवाय प्रत्येक भागात निम्मे. नुसते निम्मे निम्मे मिळवले तर बेरीज 50 होते, म्हणजे नापास. आणि 60 मिळाले म्हणजे पैसे मिळाले असंही नाही. देशाच्या वाट्याची रक्कम गुणांच्या क्रमाने वाटली जाते, ती संपली की खालचे बसले. 75 मिळूनही रिकाम्या हाताने परतणाऱ्या शाळा असतात. पुढच्या वर्षी त्याच अर्जाला डागडुजी करून पुन्हा लावायचा, हा रिवाजच आहे.

विषय जुळणं म्हणजे काय? सध्याच्या टप्प्यात सगळ्या योजनेला चार गोष्टी प्राधान्याच्या आहेत: सगळ्यांना सामावून घेणं, डिजिटल बदल, पर्यावरण, आणि लोकशाहीतला सहभाग. शिवाय शालेय क्षेत्राची वेगळी प्राधान्यं. यामुळे एक गंमत होते. सगळेच प्रकल्प अचानक पर्यावरणाचे होतात. नाटकाचा प्रकल्प असेल तर नाटक प्लास्टिकवर, चित्रांचा असेल तर चित्रं वितळणाऱ्या बर्फाची. तपासणाऱ्यांनाही हे कळतं. आमच्या सममितीच्या प्रकल्पाला ओढूनताणून हवामान जोडायची काहीच गरज नाही. गणितात मागे पडणारी मुलं हातांनी काम करून पुढे येतात का, हा सामावून घेण्याचाच विषय आहे, आणि तो खरा आहे.

अर्ज शाळेनेच लिहायचा असतो, पैसे देऊन बाहेरच्याकडून लिहून घ्यायला परवानगी नाही. अर्ज करायला शुल्कही लागत नाही. हे ठळकपणे सांगायचं कारण, अशा योजनांभोवती 'आम्ही मंजूर करून देतो' म्हणणारी मंडळी सगळ्या देशांत फिरतात, आपल्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. शेवटची तारीख बहुधा वसंतात असते, आणि वेळ ब्रसेल्सच्या घड्याळाने दुपारी 12. रात्री बाराची नव्हे. यात दरवर्षी कुणीतरी हुकतं.

झालेल्या प्रकल्पांची माहिती युरोपियन कमिशनच्या एका खुल्या संकेतस्थळावर असते: शाळांची नावं, सारांश, मिळालेली रक्कम, तयार झालेलं साहित्य. तुमच्या मुलाच्या शाळेने आधी काय केलंय ते कुणालाही बघता येतं. बघाच. काही पुस्तिका मनापासून केलेल्या असतात. काही पानांवर मात्र हॉटेलच्या पायऱ्यांवर काढलेला समूह फोटो आणि निळा झेंडा एवढंच.

फुकटातला भाग, आणि तो आधी का करावा

या सगळ्याच्या बाजूला 2005 पासून ई-ट्विनिंग नावाची गोष्ट चालू आहे. तिथे पैसे नाहीत. शाळांसाठीचं एक ऑनलाइन व्यासपीठ आहे, शिक्षक नोंदणी करतात, दुसऱ्या देशातला शिक्षक शोधतात आणि बंद खोलीसारख्या सुरक्षित जागेत दोन्ही वर्ग मिळून काम करतात. बाहेरच्या कुणाला तिथे शिरता येत नाही. चांगल्या कामाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं.

ज्यांचे मोठे प्रकल्प रडतखडत संपतात त्यांच्यात एक गोष्ट हमखास सापडते: दोन शाळांची ओळखच अर्जाच्या पंधरा दिवस आधी झालेली असते. एकीला नाटक करायचं असतं, दुसरीला सहल. सहा महिने ई-ट्विनिंगवर एखादं छोटं काम केलं असतं तर हे पैसे येण्याआधीच कळलं असतं. वर सांगितलेल्या प्रकल्पातली नमुन्यांची देवघेव साध्या टपालाने आणि व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. ती जमली तर अर्ज करावा.

शिक्षकांचं काय, हा भाग योजनेच्या चकचकीत पत्रकांत कमी सापडतो. समन्वयक बाई आठवडाभर परदेशी गेल्या की त्यांचे तास कुणीतरी घ्यावे लागतात. अहवाल त्या संध्याकाळी घरी बसून लिहितात. अनेक शाळांत हा सगळा डोलारा एका उत्साही व्यक्तीवर उभा असतो, आणि तिची बदली झाली की संपतो. म्हणून अर्जात 'आराखडा' या भागात जबाबदाऱ्या किमान दोघांत वाटलेल्या दिसाव्यात अशी अपेक्षा असते.

आणि जाणार कोण? चाळीस मुलांच्या कामात दहा जागा. सगळ्यात चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांना पाठवायचं म्हटलं तर सुट्टीत आईबापांबरोबर परदेशी जाणारीच मुलं पुन्हा जातात. बऱ्या शाळा निकष आधी जाहीर करतात: कामातला सहभाग, पूर्वी कधी परदेशी न गेलेल्यांना झुकतं माप, पाहुण्याला घरी ठेवायला जागा नसेल तरी नाव बाद नाही. हा शेवटचा मुद्दा दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. तुमच्या शाळेने निकष कळवले नसतील तर विचारायला संकोच करू नका, तिकडे असं विचारणं उद्धटपणाचं समजत नाहीत.

महाराष्ट्रातल्या शाळेला यात जागा आहे का

लहान भागीदारीत नाही. ती वर सांगितलेल्या 33 देशांपुरतीच आहे. मोठ्या भागीदारीत इतर देशातली संस्था अपवाद म्हणून घेता येते, तिच्याशिवाय काम अडतं असं सिद्ध केलं तर. एखाद्या जिल्हा परिषद शाळेने त्या आशेवर बसू नये.

आपल्याकडे पैसे नाहीत असं नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला नीती आयोगाच्या योजनेतून 20 लाखांपर्यंत मिळतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. पण पहिले दोन प्रकार बहुधा एकेका शाळेला वस्तू देतात: प्रिंटर, स्मार्ट बोर्ड, संगणक. तिसऱ्यात देवघेव आहे, पण ती पुष्कळदा एकमेकांची गाणी-नृत्यं सादर करण्यापाशी थांबते. 'दोघींनी मिळून केलंत तरच पैसे' ही अट घालणारा दाता आपल्याकडे क्वचित दिसतो. खरं तर आपल्याकडे दहाबारा शाळांचं केंद्र असतं, केंद्रप्रमुख असतात, शिक्षण परिषदा भरतात. सांगाडा तयार आहे. कोल्हापूरजवळच्या आणि सावंतवाडीजवळच्या दोन शाळांनी, समजा, चामडं आणि लाकूड या विषयावर मिळून वर्षभर काम करायचं ठरवलं, एकीकडे चपला आणि दुसरीकडे लाकडी खेळणी, तर सीएसआरवाल्यांपुढे ठेवायला त्यांच्याकडे इतर अर्जांपेक्षा वेगळं काहीतरी असेल. तीन लाखांत होईल असं काम आहे ते.

पत्र घरी आलं तर

युरोपातल्या मराठी पालकांसाठी थोडं कामाचं.

प्रवास आणि राहण्याचा मुख्य खर्च सहसा प्रकल्पातून होतो. शाळा थोडी वर्गणी मागू शकते, ती कशासाठी हे लेखी घ्या. यजमान कुटुंब म्हणून तुम्हाला वेगळे पैसे मिळतील असं धरून चालू नका. पाहुण्याला स्वतंत्र खोलीची गरज बहुतेक शाळा ठेवत नाहीत, स्वतंत्र पलंग मात्र हवा. जेवणाच्या रकान्यात आपल्या मुलाबद्दल लिहिताना 'शाकाहारी' एवढंच लिहू नका. काही ठिकाणी मासे त्यातच धरतात, सूप चिकनच्या पाण्याचं असू शकतं. मांस, मासे, अंडी यांतलं काय चालतं, काय नाही, ते एकेक करून लिहा.

फोटोंसाठी वेगळं संमतीपत्र येईल. प्रकल्पाला प्रसिद्धी बंधनकारक असते म्हणून शाळा फोटो मागतात, पण मुलाचा चेहरा जाहीर करू द्यायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. नकार दिल्याने मूल प्रकल्पातून बाहेर जात नाही.

आणि पासपोर्ट. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि जर्मनी, नेदरलँड्स, पोर्तुगालसारख्या शेंगेन देशाचा (म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांपैकी एकाचा) राहण्याचा परवाना असेल, तर दुसऱ्या शेंगेन देशात आठवडाभर जायला वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही बरोबर हवं आणि दोन्हींची मुदत शिल्लक हवी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिथल्या भारतीय पासपोर्टच्या मुलाचा प्रश्न वेगळा असतो, आणि तिकडे येणाऱ्या मुलाचाही. शाळेच्या सहलीसाठी युनियनमध्ये प्रवासी विद्यार्थ्यांच्या यादीची एक सोय आहे: शाळेने ठरलेल्या नमुन्यात यादी करायची, तिच्यावर संबंधित कार्यालयाचा शिक्का घ्यायचा. काही देश ती यादी व्हिसाऐवजी मान्य करतात, सगळे नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांना हा प्रश्न नसल्यामुळे बाईंना तो सुचणारही नाही. निवड झाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात शाळेला ईमेल करा, ज्या देशात जायचंय तिथल्या दूतावासाचं उत्तर लेखी मागा, आणि मगच तिकिटावर नाव घालू द्या. गटाच्या तिकिटावरचं नाव मागाहून बदलायला विमान कंपन्या चांगलेच पैसे लावतात, आणि उक्त्या रकमेत त्यासाठी जागा ठेवलेली नसते.